छापखान्यासाठी स्वतःचा एसएफटीपी सर्व्हर: पहिल्या लॉगिनपासून किल्ली काढून घेण्यापर्यंत

दिवाळी अंकांचा हंगाम सुरू झाला की आमच्या छापखान्यात फायली नाना वाटांनी येतात. कोणी पेनड्राइव्ह घेऊन येतं आणि सोबत व्हायरसही आणतं. कोणी व्हॉट्सॲपवर कव्हरचा फोटो टाकतं, आणि तो दाबून इतका लहान झालेला असतो की छापल्यावर चेहऱ्याचे चौकोन दिसतात. जीमेलला जोडपत्राची मर्यादा २५ एमबी. चाररंगी, ३०० डीपीआयची, ब्लीडसकट (कापणीसाठी कडेला वाढवलेल्या छपाईसकट) पीडीएफ मात्र सहज तीन-चारशे एमबीची होते.

यावर उपाय म्हणून आमच्याकडे बरीच वर्षं एक जुना एफटीपी सर्व्हर चालायचा. एफटीपी म्हणजे इंटरनेटवरून फायली पाठवायची जुनी पद्धत. एकच युजर, एकच पासवर्ड, आणि तो सगळ्या ग्राहकांना तोंडपाठ. मग एका वर्षी एका अंकाचं मुखपृष्ठ बाजारात यायच्या आधीच दुसऱ्या ग्राहकाने पाहिलं. मालकांनी मला बोलावून विचारलं, "अगं, आपल्याकडे आलेली फाइल नक्की कोण कोण बघू शकतं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही शाळांच्या प्रश्नपत्रिकाही छापतो. त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्यानंतर जो सर्व्हर उभा केला, त्याचीच ही कृती आहे. छापखाना, डीटीपीचं दुकान, आर्किटेक्टचं ऑफिस, सीएचं ऑफिस, कोणालाही ती चालेल. सर्व्हर चालू करणं अर्ध्या दिवसाचं काम आहे. कोणाला कुठवर येऊ द्यायचं, हे ठरवायलाच खरा वेळ द्या. जुन्या घरात अनोळखी माणसाला ओसरीवर बसवतात, पाणी देतात, पण तो माजघरात जात नाही. सर्व्हरवरही हीच शिस्त हवी.

एक सूचना आधीच करते. कमांड मी फोनवर सांगते तशा, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी अक्षरं वापरायची, आणि वेगळं सांगितलं नसेल तर सगळी छोटी.

एफटीपी का नको

एफटीपीचा पहिला मसुदा अभय भूषण यांनी एप्रिल १९७१ मध्ये लिहिला. ते आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी, आणि तेव्हा एमआयटीत होते. त्या काळी जाळ्यावर मोजकी विद्यापीठं आणि प्रयोगशाळा होत्या, सगळे एकमेकांना ओळखत होते, त्यामुळे पासवर्ड उघडा जाण्यात कोणाला वावगं वाटलं नाही. आज तोच पासवर्ड वाटेतल्या कोणत्याही वायफायवर जसाच्या तसा वाचता येतो. क्रोम आणि फायरफॉक्स या दोन्ही ब्राउझरांनी २०२१ मध्ये एफटीपी काढून टाकलं.

१९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात जाळ्यावर कान लावून पासवर्ड चोरण्याचा प्रकार घडला. तिथल्याच टाटू युलोनेन यांनी त्यावर एसएसएच लिहिलं. दोन संगणकांमधला सगळा संवाद ते गुप्तलिपीत गुंडाळतं. एसएफटीपी म्हणजे त्याच एसएसएचच्या बोगद्यातून फायलींची ने-आण.

नावांचा गोंधळ इथेच मिटवू. एफटीपीएस ही वेगळी गोष्ट आहे: जुनंच एफटीपी, वर टीएलएस नावाच्या गुप्तलिपीचं पांघरूण. तेही सुरक्षित करता येतं, पण त्याला फायलींसाठी वेगळे पोर्ट, म्हणजे संगणकाची नंबर घातलेली दारं, उघडावे लागतात, आणि ग्राहकाच्या ऑफिसातलं फायरवॉल नेमकं तिथे आडवं येतं. एसएफटीपीला एकच पोर्ट पुरतो, २२ नंबरचा. नवशिक्याने एसएफटीपीच घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

सर्व्हर कुठे ठेवायचा

ऑफिसातल्या कोपऱ्यातला जुना पीसी वापरायचा मोह सगळ्यांना होतो. आधी राउटरच्या पानावर जाऊन बाहेरच्या जोडणीचा आयपी पत्ता बघा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंत कशानेही सुरू होत असेल, तर तुमच्या इंटरनेटवाल्याने एकच पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटलेला आहे. मग बाहेरून तुमच्या पीसीपर्यंत थेट पोचता येणार नाही. स्थिर पत्ता मागून घ्यावा लागेल, त्याचे वेगळे पैसे पडतात. त्यात वीज गेली, यूपीएस बसला, की ग्राहकाचा फोन येणारच.

म्हणून आम्ही भाड्याचा व्हर्च्युअल सर्व्हर घेतला, मुंबईतल्या डेटा सेंटरमधला. एक जीबी रॅम पुरते, कारण एसएफटीपीला ताकद फार लागत नाही. डिस्क मात्र हात सैल सोडून घ्या. दोन महिन्यांत येणाऱ्या सगळ्या फायली एकदम पडून राहिल्या तर किती होतील, तो आकडा काढा आणि दुप्पट करा. त्यावर उबुंटू २४.०४ ही लिनक्स प्रणाली टाका. ही दीर्घ मुदतीची आवृत्ती आहे, तिला पाच वर्षं सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात.

कुलूप आणि किल्ली

सर्व्हरला हात लावण्याआधी आपल्या स्वतःच्या संगणकावर किल्ल्यांची जोडी बनवायची. विंडोज १० आणि ११ मध्ये एसएसएच आधीपासून असतं. कमांड प्रॉम्प्ट उघडून लिहा:

एसएसएच-कीजेन -टी ईडी२५५१९

फाइल कुठे ठेवायची विचारेल, एंटर मारा. मग पासफ्रेज, म्हणजे किल्लीचा स्वतःचा पासवर्ड, विचारेल, तो द्याच. लॅपटॉप हरवला तरी पासफ्रेजशिवाय किल्ली चालत नाही.

आता तुमच्या युजर फोल्डरमधल्या 'डॉट एसएसएच' या फोल्डरात दोन फायली तयार झालेल्या दिसतील. दोन्हींचं नाव 'आयडी अंडरस्कोर ईडी२५५१९', फक्त एकीच्या शेवटी 'डॉट पब'. डॉट पबवाली म्हणजे कुलूप आणि बिनशेपटीची म्हणजे किल्ली, असं मी सगळ्यांना सांगते. कुलूप कोणालाही द्या, दारावर लावायला. किल्ली आपल्या खिशातून बाहेर काढायची नाही.

आमच्या एका ग्राहकाने मला बिनशेपटीची फाइल व्हॉट्सॲपवर पाठवली. मी म्हटलं, "दादा, ही तुमची किल्ली आहे, कुलूप पाठवा." ते म्हणाले, "ताई, दोन्हींचं नाव एकच दिसतंय." मी स्क्रीन बघायला गेले तर त्यांचं बरोबर होतं. डीटीपीच्या अनेक संगणकांवर मायक्रोसॉफ्ट पब्लिशर टाकलेलं असतं, आणि त्याच्या फायलींची शेपटीही डॉट पबच. ओळखीच्या शेपट्या विंडोज लपवून ठेवतं. त्यामुळे दोन्ही फायली एकाच नावाच्या दिसतात, आणि कुलूप डबल क्लिक केलं तर पब्लिशर उघडून फाइल वाचता येत नाही म्हणून सांगतं. तेव्हापासून मी ग्राहकाला आधी फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू मेन्यूतून फायलींच्या शेपट्या दाखवायला सांगते. मग नोटपॅडमध्ये उघडायला लावते. एकच लांब ओळ, 'एसएसएच-ईडी२५५१९' ने सुरू होणारी, म्हणजे कुलूप. वर 'बिगिन ओपनएसएसएच प्रायव्हेट की' लिहिलं असेल तर ती किल्ली, ती तिथेच बंद करा.

त्या ग्राहकाची ती जोडी आम्ही फेकून दिली आणि नवी बनवली. चुकून पाठवलेली किल्ली चॅटमधून डिलीट करून भागत नाही.

सर्व्हरवर पहिलं पाऊल

भाड्याने देणारे बहुतेक जण सर्व्हर बनवतानाच तुमचं कुलूप मागून घेतात. दिलंत की पहिलं लॉगिनच किल्लीने होतं. रूट, म्हणजे सर्व्हरचा सर्वाधिकारी युजर, म्हणून आत शिरला असाल तर आधी स्वतःचा वेगळा युजर बनवा, त्याला सूडोचा (रूटच्या वतीने कमांड चालवायचा) अधिकार द्या, त्याच्या घरातल्या, म्हणजे होम फोल्डरातल्या, 'डॉट एसएसएच' मधल्या 'ऑथोराइज्ड अंडरस्कोर कीज' फायलीत तुमच्या कुलपाची ओळ टाका, आणि नव्या खिडकीतून त्या नावाने आत येऊन बघा. सूडोही चालतं का, तपासा. त्यानंतरच पुढे जा.

पुढचं सगळं काम करताना एक खिडकी उघडीच ठेवायची. ही सवय मला किंमत मोजून लागली. एकदा मी फायरवॉल चालू केलं, एसएसएचला परवानगी द्यायची राहिली होती, आणि काम झालं म्हणून खिडकी बंद केली. परत आत जाता येईना. सर्व्हर भाड्याने देणाऱ्याच्या वेबसाइटवरच्या कन्सोलमधून शिरून दुरुस्त करेपर्यंत दुपार गेली, आणि एका मासिकाच्या प्लेटा तेवढ्या खोळंबल्या.

म्हणून फायरवॉलचा क्रम असाच ठेवा:

सूडो यूएफडब्ल्यू अलाउ ओपनएसएसएच
सूडो यूएफडब्ल्यू एनेबल

यूएफडब्ल्यू हे उबुंटूचं फायरवॉल, आणि ओपनएसएसएच हे सर्व्हरवर एसएसएच चालवणारं सॉफ्टवेअर. यातल्या 'ओपनएसएसएच' मध्ये ओ आणि दोन्ही एस, एच मोठे. सर्व्हर देणाऱ्याचं स्वतःचं वेगळं फायरवॉल असेल तर तिथेही २२ सोडून सगळं बंद करा.

आता सेटिंग. मुख्य फाइल आहे /ईटीसी/एसएसएच/ मधली 'एसएसएचडी अंडरस्कोर कॉन्फिग'. तिला हात लावायचा नाही. तिच्याशेजारी 'एसएसएचडी अंडरस्कोर कॉन्फिग डॉट डी' नावाचं फोल्डर असतं, त्यात आपली वेगळी फाइल करायची. नाव शून्य-शून्यने सुरू करा आणि शेवटी डॉट कॉन्फ लावा. शून्यांचं कारण असं की एकच सेटिंग दोन ठिकाणी आलं तर एसएसएच पहिलं वाचलेलं मानतं. भाड्याच्या अनेक सर्व्हरांवर त्याच फोल्डरात '५०-क्लाउड-इनिट' ही फाइल आधीच बसलेली असते आणि ती पासवर्ड चालू ठेवते. आपण पासवर्ड बंद केला असं वाटतं, आणि तो चालूच असतो. शून्याची फाइल पन्नासच्या आधी वाचली जाते.

त्या फायलीत हे लिहा. सेटिंगची नावं जोडून लिहायची, त्यात छोटं-मोठं अक्षर कसंही चालतं:

परमिटरूटलॉगिन नो
पासवर्डऑथेंटिकेशन नो
केबीडीइंटरॲक्टिव्हऑथेंटिकेशन नो

मॅच ग्रुप ग्राहक
क्रूटडिरेक्टरी /एसआरव्ही/एसएफटीपी/%यू
फोर्सकमांड इंटर्नल-एसएफटीपी -यू ००२७
ऑथोराइज्डकीजफाइल /ईटीसी/एसएसएच/किल्ल्या/%यू
अलाउटीसीपीफॉरवर्डिंग नो
एक्स११फॉरवर्डिंग नो

पहिल्या तीन ओळी सगळ्यांना लागू: रूट थेट येणार नाही, आणि पासवर्डने कोणीच येणार नाही. 'मॅच ग्रुप' च्या खालचं फक्त ग्राहकांसाठी. क्रूट म्हणजे ओसरी: त्या ग्राहकाला त्याचं फोल्डर हीच अख्खी दुनिया दिसते, त्याच्या वर काही आहे हेच त्याला कळत नाही. %यू च्या जागी युजरचं नाव आपोआप येतं. फोर्सकमांडमुळे तो फायली ठेवू-उचलू शकतो, बाकी एकही कमांड चालवू शकत नाही. शेवटच्या दोन ओळी नसतील तर आत आलेला माणूस तुमच्या सर्व्हरचा आडोसा घेऊन तिसरीकडे जोडणी करू शकतो.

कुलपं ग्राहकाच्या घरात न ठेवता /ईटीसी च्या आत का ठेवली? ग्राहकाच्या हाती फक्त फायली असाव्यात. दारावर आणखी कुलूप चढवायचा अधिकार त्याला कशाला हवा? इथे 'किल्ल्या' हे फोल्डर रूटच्या मालकीचं, आणि आत प्रत्येक युजरच्या नावाची एक फाइल, ६४४ परवानगीची (मालकाने लिहायची, बाकीच्यांनी फक्त वाचायची). नाव मी किल्ल्या ठेवलं असलं तरी आत असतात कुलपंच.

फाइल जतन केली की आधी तपासा, मग चालू करा:

सूडो एसएसएचडी -टी
सूडो सिस्टमसीटीएल रीस्टार्ट एसएसएच

पहिल्या कमांडमधली टी छोटी. ती काहीच बोलली नाही तर व्याकरण ठीक आहे. तीच टी मोठी लिहिली तर सर्व्हर प्रत्यक्षात कोणती सेटिंग मानतोय त्याची लांब यादी मिळते. त्यात पासवर्डऑथेंटिकेशनसमोर 'नो' दिसेपर्यंत माझा विश्वास बसत नाही, तुमचाही बसू देऊ नका.

आवक आणि जावक

सरकारी कचेरीत टपालाच्या दोन वह्या असतात, आवक आणि जावक. आम्ही प्रत्येक ग्राहकाच्या ओसरीवर याच नावाची दोन फोल्डरं ठेवली. ग्राहक आवकमध्ये फायली टाकतो, आम्ही जावकमध्ये प्रूफ ठेवतो. कोणालाच काही समजावून सांगावं लागलं नाही.

आधी 'ग्रुपॲड' ने दोन गट करा, ग्राहक आणि छापखाना. आमच्या ऑपरेटरांचे युजर छापखाना गटात घाला. मग ग्राहकाचा युजर: सूडो युजरॲड, डॅश छोटा जी ग्राहक, डॅश मोठा एम, डॅश छोटा डी आणि नुसता एक स्लॅश, डॅश छोटा एस आणि /यूएसआर/एसबिन/नोलॉगिन, शेवटी युजरचं नाव. मोठा एम म्हणजे वेगळं घर बांधू नको. नोलॉगिन म्हणजे या माणसाला कमांडची काळी खिडकी मिळणार नाही.

समजा युजर आहे 'कराड०१':

सूडो एमकेडीआयआर -पी /एसआरव्ही/एसएफटीपी/कराड०१/आवक
सूडो एमकेडीआयआर /एसआरव्ही/एसएफटीपी/कराड०१/जावक
सूडो सीएचओन कराड०१:छापखाना /एसआरव्ही/एसएफटीपी/कराड०१/आवक
सूडो सीएचमॉड २७५० /एसआरव्ही/एसएफटीपी/कराड०१/आवक
सूडो सीएचओन रूट:छापखाना /एसआरव्ही/एसएफटीपी/कराड०१/जावक
सूडो सीएचमॉड २७७५ /एसआरव्ही/एसएफटीपी/कराड०१/जावक

आवकचा मालक ग्राहक. छापखाना गटाला तिथलं वाचता येतं, पुसता येत नाही. ते मुद्दाम आहे: घाईत ऑपरेटरकडून मूळ फाइल उडू नये. २७५० मधला पहिला २ आणि सेटिंगमधला ००२७ मिळून हे सांभाळतात की नवी फाइल आपोआप छापखाना गटाची व्हावी आणि तिसऱ्या कोणाला दिसू नये. जावकमध्ये आम्ही लिहितो, ग्राहक फक्त वाचतो.

इथे नव्वद टक्के लोक अडकतात, मीही अडकले होते. ओसरीचं फोल्डर, म्हणजे 'कराड०१', रूटच्याच मालकीचं हवं, आणि त्यात रूटशिवाय कोणालाही लिहिता येता कामा नये. त्याच्या वरची एसएफटीपी, एसआरव्ही ही सगळी फोल्डरंसुद्धा तशीच. ग्राहकाला त्याचं फोल्डर म्हणून कौतुकाने त्याची मालकी दिली, की किल्ली बरोबर असूनही जोडणी क्षणात तुटते. ग्राहकाला कारण काही दिसत नाही. सर्व्हरच्या नोंदीत मात्र 'बॅड ओनरशिप ऑर मोड्स फॉर क्रूट डिरेक्टरी' असं स्वच्छ लिहिलेलं असतं. नोंदी बघायला:

सूडो जर्नलसीटीएल -यू एसएसएच

ग्राहकाची पहिली जोडणी

विंडोजवाल्या ग्राहकाला मी विनएससीपी देते. मोफत आहे, आणि ते त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच उतरवायचं, शोधात वर आलेल्या भलत्याच दुव्यावरून नाही. प्रोटोकॉल एसएफटीपी, होस्टच्या जागी सर्व्हरचा पत्ता, पोर्ट २२, युजरचं नाव, आणि पासवर्डची जागा रिकामी. किल्ली 'ॲडव्हान्स्ड' मध्ये, 'एसएसएच' च्या खाली 'ऑथेंटिकेशन' मध्ये दाखवायची. ओपनएसएसएचची किल्ली दिली तर विनएससीपी तिचं आपल्या पद्धतीत रूपांतर करू का विचारतं. हो म्हणायचं.

पहिल्याच वेळी एक खिडकी येते: हा सर्व्हर ओळखीचा नाही, त्याचा ठसा हा असा आहे, पुढे जाऊ का? सगळे डोळे झाकून 'हो' दाबतात. इथे दोन मिनिटं थांबायला हवं, कारण मधे कोणी तोतया सर्व्हर बसला असेल तर तो पकडायची हीच एक वेळ. सर्व्हरवर आधी ही कमांड चालवून खरा ठसा वहीत लिहून ठेवा, यातला एल आणि एफ छोटा:

एसएसएच-कीजेन -एलएफ /ईटीसी/एसएसएच/एसएसएच_होस्ट_ईडी२५५१९_की.पब

मग ग्राहकाला फोन लावून त्याच्या पडद्यावरचा ठसा वाचायला सांगा. "ताई, छोटा के, मोठा क्यू, सात, मोठा झेड..." असं शेवटपर्यंत. एकदा जुळला की विनएससीपी तो लक्षात ठेवतं. पुढे कधी ठसा बदलल्याचा इशारा आला, तर हो न म्हणता आधी आम्हाला फोन करायचा, हे त्याच फोनमध्ये सांगून टाका.

जोडणी झाल्यावर ग्राहकालाच तीन गोष्टी करायला लावते. आवकमध्ये एक छोटी फाइल टाका. जावकमध्ये टाकून बघा, नकार यायला हवा. आणि वरच्या फोल्डरात जाता येतंय का पाहा, जाता येता कामा नये.

मोठ्या फायलींबद्दल एक गोष्ट ऑपरेटरांना पक्की माहीत हवी. १०० केबीपेक्षा मोठी फाइल चढताना विनएससीपी तिला आधी 'डॉट फाइलपार्ट' अशी शेपटी लावतं, आणि पूर्ण झाल्यावरच खरं नाव देतं. फाइलपार्ट दिसतंय तोवर हात लावायचा नाही. पीडीएफची अनुक्रमणिका फायलीच्या शेवटी असते. अर्धी फाइल उघडली तर काही सॉफ्टवेअर कुरकुर न करता ती जोडून घेतात, आणि शेवटची पानं गायब झालेली प्लेट काढल्यावर कळतात.

फायलींची नावं मराठीत ठेवायची का

मनापासून वाटतं की ठेवावीत. पण दोन खड्डे दाखवते.

लिनक्सवर फायलीच्या नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते. देवनागरीत प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त वेगवेगळा मोजला जातो, आणि प्रत्येकी तीन बाइट घेतो. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. 'दिवाळी विशेषांक अंतिम दुरुस्तीसह मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ' अशी नावं संपादक हौसेने देतात आणि ती मर्यादेकडे झपाट्याने सरकतात.

दुसरा खड्डा आपल्याच एका अक्षराचा. 'कऱ्हाड' मधला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: नुक्त्याचा ऱ घेऊन त्याला हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि मधे न दिसणारा एक जोडक. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला दोन वेगळे शब्द. वर जुन्या मॅकच्या फाइलपद्धतीत ऱ हे अक्षर फोडून र आणि नुक्ता असं साठवलं जातं. आमच्याकडे एकाच फोल्डरात एकाच नावाच्या दोन फायली दिसल्या, तेव्हा अर्धा तास डोकं धरून बसले होते. एक दुरुस्तीआधीची होती, एक नंतरची. म्हणून सर्व्हरवर आता नावं इंग्रजी छोट्या अक्षरांत आणि आकड्यांत: ग्राहक, काम, तारीख वर्षापासून, मग आवृत्ती. छोटीच अक्षरं अशासाठी, की 'कव्हर' चा सी मोठा आणि छोटा असलेल्या दोन फायली लिनक्सवर शेजारी नांदतात आणि विंडोजवर उतरवताना एक दुसरीला खाते.

रोजची राखण

सर्व्हर चालू झाला की काही वेळातच नोंदींमध्ये रूट, ॲडमिन, टेस्ट, ओरॅकल अशा नावांनी दार ठोठावणारे दिसतील. घाबरू नका, ही यंत्रं सगळ्या इंटरनेटवर फिरत असतात. पासवर्डच बंद असल्यामुळे त्यांना अंदाज बांधायला काही उरत नाही. त्रास फार वाटला तर 'यूएफडब्ल्यू लिमिट ओपनएसएसएच' द्या; ३० सेकंदांत सहा वेळा जोडणीचा प्रयत्न करणारा पत्ता अडवला जातो. पोर्ट २२ बदलून २२२२ करण्याचा सल्ला सगळीकडे मिळेल. त्याने गोंगाट कमी होतो, सुरक्षितता वाढत नाही, आणि प्रत्येक ग्राहकाला वेगळा आकडा समजावत बसावं लागतं. आम्ही बदललेला नाही.

अपडेट मात्र टाळू नका. जुलै २०२४ मध्ये खुद्द ओपनएसएसएचमध्ये गंभीर त्रुटी जाहीर झाली. २००६ मध्ये बुजवलेलीच फट नंतरच्या बदलांत पुन्हा उघडली होती. उबुंटू सर्व्हरवर सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप बसतात, तरी 'अनअटेंडेड-अपग्रेड्स' चालू आहे ना ते एकदा बघा. महिन्यातून एकदा, रात्री, सर्व्हर रीस्टार्ट करा. कर्नलची, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याची, दुरुस्ती त्याशिवाय लागू होत नाही.

नोंदी किती दिवस ठेवायच्या याला नियम आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार त्या १८० दिवस जपायच्या, आणि सायबर घटना घडली तर कळल्यापासून सहा तासांत कळवायचं. कंपन्यांसोबत भागीदारी फर्म आणि एकट्या मालकाचा व्यवसायही यात येतो. उबुंटूवर /व्हार/लॉग/ मधली 'ऑथ डॉट लॉग' ही फाइल दर आठवड्याला बाजूला ठेवून नवी सुरू होते, आणि जुन्या चारच आठवड्यांच्या राहतात. /ईटीसी/लॉगरोटेट.डी/ मधल्या 'आरसिसलॉग' फायलीत 'रोटेट ४' च्या जागी २७ करा.

आणि हा सर्व्हर म्हणजे कपाट नव्हे. आलेली फाइल त्याच दिवशी ऑफिसातल्या डिस्कवर उतरवून घ्या, तिची आणखी एक प्रत इमारतीबाहेर ठेवा, आणि काम छापून गेल्यावर सर्व्हरवरून काढा. प्रश्नपत्रिका तर आम्ही प्लेट झाल्याबरोबर काढतो.

माणूस सोडून जातो तेव्हा

एका ग्राहकाच्या ऑफिसात तीन जण फायली पाठवत असतील तर युजर एक, पण कुलपं तीन, प्रत्येकाचं वेगळं. कुलपाच्या ओळीच्या शेवटी त्या माणसाचं नाव आणि तारीख लिहा. तिथला मजकूर सर्व्हर फक्त शेरा म्हणून वाचतो. त्यांच्यातला कोणी नोकरी सोडून गेला की तेवढी एक ओळ पुसायची, बाकी दोघांना पत्ताही लागत नाही. ग्राहकांना मी आधीच सांगून ठेवते: माणूस गेला तर त्याच दिवशी कळवा, महिनाअखेरीची वाट बघू नका. तरीही दर तीन महिन्यांनी यादी घेऊन एकेकाला फोन करते, "हे अजून तुमच्याकडेच आहेत ना?" दर वेळी एक-दोन नावं निघतातच.

ओळ पुसल्यावर नवं लॉगिन थांबतं, पण त्या क्षणी आत असलेला माणूस आतच राहतो. त्यासाठी लगेच ही कमांड द्या, यातला यू छोटा:

सूडो पीकिल -यू कराड०१

बाकीच्या दोघांची जोडणीही यात तुटेल. त्यांना फोन करून सांगा की पुन्हा जोडा, तुमची किल्ली चालू आहे.